शेवटचे तीन यार्ड

डॉक्टर ढोबळ्यांचा बूट बरोबर एक फूट लांबीचा होता. ही गोष्ट ते स्वतःहून सांगत, आणि नावापुढे लावायची पदवी असल्यासारखी सांगत. तीन फुटांचा एक यार्ड, म्हणजे तीन यार्डांना नऊ बूट. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, ट्रामची वाट बघताना हे पंचावन्न वर्षांचे भूलतज्ज्ञ अचानक चवड्याला टाच लावत नऊ पावलं टाकायचे, नवव्या पावलाला थांबायचे आणि मागे वळून बघायचे.

"एवढंच," म्हणायचे. "एवढंच तर पाहिजे ना बापा."

तेवढंच त्यांना दोन वर्षं मिळत नव्हतं.

नॉटिंगहॅमच्या आमच्या विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचा एक संघ होता. अंडाकृती चेंडू, खांद्यांवर ढालीसारखे पॅड, डोक्यावर हेल्मेट आणि पायांखाली इंग्लंडचा चिखल. या खेळात चेंडू असलेल्या संघाला चार संधी मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे गेलात तर पुन्हा चार, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. असं सरकत सरकत शेवटची पांढरी रेघ ओलांडायची. प्रत्येक संधीला कोणती चाल खेळायची हे मैदानाबाहेरून एक माणूस सांगतो. आमच्या संघात तो माणूस म्हणजे डॉक्टर ढोबळे. सोमवार ते शुक्रवार लोकांना भूल द्यायची आणि रविवारी पोरांना चाली सांगायच्या. मानधन नाही, कौतुक तर नाहीच.

आमची पोरं चिखलातून सत्तर-ऐंशी यार्ड जायची. रेघेपासून तीन यार्डांवर पोहोचायची. आणि तिथे मरायची. दर वेळी.

"लांब असताना मैदान मोकळं असतं," डॉक्टर म्हणायचे. "समोरच्याला मागची पण काळजी असते. रेघेजवळ त्याच्या मागे काही उरतच नाही. म्हणून तो सगळा जीव पुढे घालतो. अकरा माणसं एका खोलीत कोंबल्यासारखी. तिथे वेग चालत नाही, ताकद चालत नाही. तिथे फक्त सांगणं चालतं. कोणी काय सांगितलं, आणि कधी."

माझी त्यांची ओळख एका भिकार पत्रकामुळे झाली. विद्यार्थी संघटनेच्या क्रीडा समितीने ठरवलं होतं, की या संघाने चालू मोसमात एक तरी सामना जिंकला पाहिजे, नाहीतर संघ बंद. रविवारचं मैदान 'चांगली कामगिरी' असलेल्या कुणाला तरी द्यायचं. याविरुद्ध डॉक्टरांनी स्वतः पत्रक लिहिलं होतं आणि ग्रंथालयाच्या फलकावर ते स्वतःच चिकटवत होते. मी थांबून वाचलं. पान भरून एकच परिच्छेद, आणि पहिलं वाक्य पाचव्या ओळीत संपत होतं.

"हे कुणी वाचणार नाही," मी इंग्रजीत म्हणाले.

त्यांनी माझ्या पिशवीवरचं सोलापूरच्या दुकानाचं नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "मग कसं लिहितात?"

आमच्या घरात वर्तमानपत्राच्या आधी पत्रक येतं. माझे वडील यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहितात, आणि मी अक्षरं शिकले ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. मी डॉक्टरांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्याच पत्रकाच्या पाठीवर लिहिलं : हरणाऱ्यांनाही मैदान लागतं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "काय वं पत्रकवाली," म्हणाले, "रविवारी काय करून राहिलीस?"

तेव्हापासून प्रत्येक रविवारी मी मैदानाच्या कडेला त्यांच्या डाव्या हाताला उभी राहू लागले. माझ्या हातात एक पाटी असे. कितवी संधी, किती यार्ड बाकी, एवढंच मी लिहायचं. बोलायचं नाही.

'बोलायचं नाही' हा त्यांचा धर्म होता. तो ऑपरेशन थिएटरमधून आला होता. एकदा त्यांनी मला सांगितलं, की टेबलावरचा माणूस हातातून जायला लागला की खोलीतले सगळे एकदम बोलू लागतात, आणि माणूस त्या गलक्यात जातो. म्हणून अशा वेळी एकच आवाज. बाकीच्यांनी हात चालवायचे. त्यांचा तो एकच आवाज कसा होता हे मी त्यांच्या सहकारी नर्सकडून ऐकलंय. ती म्हणाली, की डॉक ढोबळे आवाज चढवत नाहीत, पण ते बोलले की आपण श्वास कधी घ्यायचा हेही तेच सांगतायत असं वाटतं.

मैदानावर मात्र ते आवाज चढवत. असा चढवत, की पलीकडच्या रस्त्यावरचे कुत्रे थबकायचे. रेघेजवळ आले की ते पोरांना गोल करून कुजबुजू देत नसत. थेट उभं राहायचं, समोरचे कसे उभे आहेत ते डॉक्टर बघणार, आणि मग ओरडून एक शब्द देणार. समोरच्यांना कळू नये म्हणून तो शब्द मराठीत. चार चाली, चार शब्द. 'उजवी' म्हणजे उजवीकडून पळायचं. 'डावी' म्हणजे डावीकडून. 'उंच' म्हणजे कोपऱ्यात उंच फेकायचा. आणि 'सरळ' म्हणजे सगळ्यांनी मिळून मधोमध डोकं घालायचं. डर्बी आणि लिंकनच्या गोऱ्या पोरांनी हे शब्द आपलेसे केले होते. बारमध्येसुद्धा "सरल! सरल!" म्हणत एकमेकांना ढकलायची. या चालींना इंग्रजी नावच नव्हतं.

मी एकदा विचारलं, "सर, समोरच्या संघात कुणी मराठी निघाला तर?"

ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "आपली पोरं? चिखलात? खांद्याला पॅड लावून? अगं, आपली पोरं बुद्धिबळ खेळतात, पियानो वाजवतात, मेडिकलला जातात. या देशात माझ्यावर कुणाचा विश्वास नसेल, पण मराठी आईबापांवर माझा पूर्ण विश्वास आहे."

मला ते तेव्हा पटलं. इथल्या ट्रेनमध्ये समोरच्या बाईच्या टोपीवर आपण किती निवांत बोलतो! आपली भाषा हा आपला बंद दरवाजा आहे, असं इथे येणारा प्रत्येक जण मानतो. आणि इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं वातावरण मी पाहिलं होतं. भाड्याने घेतलेल्या चर्चच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी कागदी ताटलीत अळूवड्यांची एक रांग मांडली, समोर पुरीच्या तुकड्यांची दुसरी, मधे एक मोदक, आणि ताटलीची कड म्हणजे रेघ. भोवती सात-आठ काका मंडळी उभी.

"हाताने खेळतात आणि म्हणे फुटबॉल," एकजण म्हणाले.

"ढोबळे, भूल तुम्ही देता की घेता?" दुसरे.

"अहो, खाण्याशी खेळू नका," मीनाकाकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, ताटली ओढून घेत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा खाली आवाजात, "दोन वर्षं अमेरिकेत होते ना, ओहायोत, ट्रेनिंगला. शनिवारी म्हणे अख्खं गाव टीव्हीपुढे. यांच्याशी बोलायला कुणी नसायचं, तर हेही बसायचे. एकदा तिथल्या कॉलेजची मुलं रेघेजवळ चार वेळा अडली. तो सामना संपला, पण यांचा काही संपला नाही."

हा माणूस प्रेमळ होता, पण लोकशाहीवादी नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. फेब्रुवारीतल्या एका सरावात आमचा क्वार्टरबॅक ओवेन (प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो) खेळ थांबवून कडेला आला. लाजाळू, लांब हातांचा पोरगा, इतिहास शिकणारा.

"डॉक," तो म्हणाला, "तुम्ही डावी म्हणालात. पण उजवीकडे मोकळं होतं. मला दिसलं. असं दिसलं तर मी बदलू का?"

"नाही."

"पण दिसत होतं..."

"तुला दिसतं ते तुझ्यापाशी ठेव," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मी सांगतो ते कर."

ओवेन मान हलवून परत गेला. मी पेटले. माझा नियम मोडून बोलले, "सर, ही हुकूमशाही आहे. चिखलात तो उभा आहे, तुम्ही नाही."

"ऑपरेशन टेबलाजवळ मतदान घेतात का?"

"हे ऑपरेशन नाही. समितीतले लोकही हेच म्हणतात, आम्हाला वरून दिसतं, तुम्हाला कळत नाही. त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहायची आणि इथे गप्प उभं राहायचं?"

ते माझ्याकडे वळले. राग नव्हता त्यांच्या नजरेत. "पत्रकवाली," म्हणाले, "तीन यार्डांत लोकशाही मावत नाही."

मी पाटी खाली ठेवून निघून जायला हवं होतं. गेले नाही, कारण पुढच्याच रविवारी आम्ही पुन्हा रेघेपाशी अडलो, आणि सामन्यानंतर मी त्यांना पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकून उभे असलेले पाहिलं. अशा माणसाशी तत्त्वावरून भांडता येत नाही. मी नवीन पत्रक लिहिलं. समितीने ते फलकावरून काढलं. मी पुन्हा लावलं.

असं करत मार्च आला आणि शेवटचा सामना उरला. जिंकलो तर संघ राहणार, हरलो तर नाही. पाहुणा संघ दक्षिणेकडून आलेला, तगडा. तरीही आमची पोरं त्या दिवशी अशी खेळली, की मला लाज वाटली मी कधी त्यांच्यावर शंका घेतली याची. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो. किक मारून तीनच मिळतात, म्हणजे किकचा उपयोग नव्हता. रेघ ओलांडायलाच हवी होती. चेंडू रेघेपासून तीन यार्डांवर. चार संधी. खेळ थांबवण्याचे आमचे सगळे हक्क वापरून झालेले. मी पाटीवर लिहिलं : पहिली, तीन.

डॉक्टरांनी बघितलं, आणि गरजले, "उजवी!"

पोरं उजवीकडे झेपावली. पाहुण्यांचा चव्वेचाळीस नंबरचा पोरगा, मधल्या फळीतला, त्यांच्या आधी तिथे होता. एक इंच मिळाला नाही.

"उंच!"

ओवेनने फेकलेला चेंडू कोपऱ्यात अगदी सुंदर गेला. चव्वेचाळीस नंबर ओवेनने हात उचलायच्या आधीच तिकडे धावत सुटला होता. त्याने तो हवेतच थापटून खाली पाडला. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. प्रत्येक चालीच्या आधी तो हेल्मेट आमच्याकडे वळवत होता, ओवेनकडे नाही. पण मी बोलायचं नव्हतं. मी लिहिलं : तिसरी, तीन.

"डावी!"

डावी म्हणजे आमच्याच बाजूला. पळणारा पोरगा दोन यार्ड गेला आणि ढीग कोसळला तो आमच्या पायांपासून हातभर अंतरावर. शेवटचं एक यार्ड. घड्याळ चालू, पंधरा-सोळा सेकंद उरलेले. ढिगाखालून चव्वेचाळीस नंबर उठला, चिखलाने भरलेला. परत आपल्या जागेकडे पळता पळता तो डॉक्टरांकडे बघून ओरडला :

"काका, सॉरी, पण तुमची आवाज मला सगळी ऐकू येते!"

मराठीत. मोडक्या, पण मराठीत.

मी आयुष्यात कुणाचा चेहरा असा रिकामा होताना पाहिला नाही. डॉक्टरांचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडलेलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. पोरं धावत रांगेत उभी राहिली आणि सगळ्यांनी हेल्मेट आमच्याकडे वळवली. अकरा पोरं, एका शब्दाची वाट बघत. पंधरा सेकंदांत नवीन भाषा शिकवता येत नाही. खोटा शब्द देऊन चकवताही येत नव्हतं, कारण पोरं तो खराच मानून तिकडे पळणार. इतकं चोख शिकवलं होतं त्यांनी.

डॉक्टरांनी तोंड मिटलं. हात वर केला. आणि बोट ओवेनकडे रोखलं. तू.

ओवेनने मागे वळून पाहिलं, मागे दुसरं कुणी आहे का म्हणून. मग पुन्हा आमच्याकडे. डॉक्टरांचं बोट तिथेच होतं. तू. तू सांग.

उजवीकडे मोकळं होतं. मी बघत होते. चव्वेचाळीस नंबर मधे सरकला होता आणि उजवी बाजू उघडी पडली होती. मी, जिला या खेळातलं आजही अर्धं कळत नाही, तिला ते दिसत होतं. सात सेकंद. सहा.

ओवेन वाकला, त्याने श्वास घेतला आणि फाटलेल्या आवाजात ओरडला :

"सरल!"

ढीग हलला. पुढे सरकला. आणि थांबला. पंच धावत आले, एकेकाला बाजूला केलं. सगळ्यांत खाली चेंडू कवटाळलेला ओवेन, आणि चेंडू आणि रेघ यांच्यामध्ये एक वीत चिखल.

सामन्यानंतर दोन्ही संघ रांगेने हस्तांदोलन करतात. चव्वेचाळीस नंबर डॉक्टरांपुढे आला आणि हेल्मेटसकट नमस्काराला वाकला.

"अरे, आधी ते काढ," डॉक्टर म्हणाले. हेल्मेटखालून एकोणीस-वीस वर्षांचा सावळा, दमलेला चेहरा निघाला. "नाव काय तुझं?"

"ईशान. रीडिंगचा. म्हणजे आजी साताऱ्याची."

"मराठी तिने शिकवलं?"

"हो. ती फोनवर पण असंच ओरडतो. ओरडते."

"कधी कळलं तुला?"

"फर्स्ट डाउनलाच, काका. उजवी म्हटल्यावर."

"मग तिसरी झाल्यावर सांगितलंस कशाला? गप्प राहिला असतास."

ईशानने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "चांगलं नाही वाटलं. चीटिंग वाटली. तुम्हाला माहीत पाहिजे ना."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ. "घरचे येतात का तुझा खेळ बघायला?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "त्यांना सांग, यायला पाहिजे." एवढंच बोलले.

ओवेन रांगेत शेवटी होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"उजवीकडे मोकळं होतं, डॉक," तो म्हणाला. "मला दिसलं होतं."

"मग?"

"दिसतं ते तुझ्यापाशी ठेव, असं तुम्ही म्हणाला होतात." तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो माफी मागत होता. "तुम्ही बोट केलंत, आणि माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तुमचाच शब्द होता."

डॉक्टरांनी मान डोलावली. रुग्णाच्या नातेवाइकांपुढे डोलावतात तशी.

दोन आठवड्यांत समितीचं पत्र आलं. तीन ओळींचं. मी त्याच्यावर पत्रक लिहायला बसले आणि पहिल्यांदाच मला पहिलं वाक्य सुचेना. समितीविरुद्ध लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, आजही आहे. पण प्रत्येक वाक्य लिहिताना मला अकरा हेल्मेट दिसत होती, एका शब्दाची वाट बघणारी. त्या रविवारी जे घडलं त्याला मी समितीला जबाबदार धरू शकत नव्हते. आणि डॉक्टरांना एकट्याला धरावं, तर त्यांच्या डाव्या हाताला पाटी घेऊन, सगळं दिसत असून, गप्प कोण उभं होतं?

जूनमध्ये मला एडिनबराला नोकरी मिळाली. जाण्याआधी पाटी परत द्यायची होती. मीनाकाकूंना फोन केला तर म्हणाल्या, "घरी कुठे, ते मैदानावर असतील. शिफ्ट संपली की तिकडेच जातात. तू तरी सांग त्यांना काहीतरी."

मैदानावरच्या जुन्या रेघा पुसून दुसऱ्या कुठल्या तरी खेळाच्या आखल्या होत्या. संध्याकाळचं लख्ख ऊन होतं. डॉक्टर एकटेच होते, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, काखेत चेंडू. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मी पाटी पुढे केली, त्यांनी घेतली नाही.

"राहू दे," म्हणाले. "उभी राहा तिथे. माझ्या जागेवर."

मी कडेला उभी राहिले. ते गवतात गेले. जुनी रेघ कुठे होती ते त्यांना पाठ होतं. तिथून उलटे, चवड्याला टाच लावत, मोजत मागे आले. नऊ बूट. मग वळून रेघेकडे तोंड केलं, गुडघे वाकवले, कण्हले, एक हात जमिनीला टेकवला, दुसऱ्यात चेंडू घट्ट धरला. छप्पन्नाकडे झुकलेला माणूस, इस्त्रीच्या पँटमध्ये.

"तुला काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

समोर कुणीच नव्हतं. डावीकडे गवत, उजवीकडे गवत.

"सर..."

"आता तू सांग, पत्रकवाली. मी ऐकतो."

मी पाटी छातीशी धरून उभी होते. शब्द चारच होते, चारही मला येत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओवेन पाहायचा तसं, आणि वाट बघत तसेच वाकून राहिले.